बाबांचा नंबर आता चाकणच्या एका मुलाकडे आहे : मोबाईल नंबर, सिम आणि ओटीपीचं सगळं प्रकरण नीट समजून घेऊया

मागच्या दिवाळीच्या आधी बार्शीहून आईचा फोन आला, गॅसवाला दारात उभा आहे, कोड मागतोय आणि कोड काही येत नाहीये. सिलिंडर घेताना तो चार आकडी कोड सांगावा लागतो हे आता घरोघरी माहितीये, कनेक्शनला जो नंबर जोडलेला असतो त्याच्यावर तो येतो. आमचं कनेक्शन बाबांच्या नावावर आणि नंबरही बाबांचाच. बाबांना जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. त्यांचा बटणांचा फोन आईने कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला होता, रिचार्ज कुणी केला नाही कारण त्यावरून आता बोलणार कोण, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. मी आईला म्हणलं थांब जरा, आणि का कोण जाणे बाबांचा नंबर लावला. रिंग गेली. आणि एका मुलाने उचलला.

मला दोन मिनिटं बोलताच येईना. तो बिचारा हॅलो हॅलो करत राहिला. मूळचा परभणीकडचा, चाकणला कंपनीत लागलाय, दोन महिन्यांपूर्वी दुकानातून नवीन सिम घेतलं त्याला हा नंबर मिळाला. मी सगळं सांगितल्यावर म्हणाला, "ताई, तुमच्या बाबांच्या बँकेचे मेसेज येतेत मला, मी काय उघडून बघत नाही, पण येतेत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हिशोब लावला तर आई-बाबांच्या जॉइंट खात्याला नंबर बाबांचा, आईच्या आधारला पण नंबर बाबांचाच, कारण गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा आईकडे फोनच नव्हता आणि तिथे विचारलं तर तिने ह्यांचा दिला. म्हणजे आईच्या नावाचा कुठलाही ओटीपी आला तर तो चाकणला एका अनोळखी मुलाच्या खिशात वाजणार. मुलगा भला निघाला म्हणून निभावलं. पुढचे दोन महिने मी ह्या एकाच विषयाच्या मागे लागले, बँकेत विचारलं, वाचलं, टेलिकॉममध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं, आणि जे समजलं ते इथे साध्या भाषेत लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की मोबाईल नंबर आता बोलण्यासाठी राहिलेला नाही, ती आपल्या घराची किल्ली झालीये आणि ती किल्ली भाड्याची आहे, हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगितलेलंच नाही.

भाड्याची का म्हणते ते बघा. "माझा नंबर" असं आपण म्हणतो, वीस वर्षं तोच असेल तर तो आपल्याला नावासारखाच वाटायला लागतो. पण दहा आकड्यांचे हे नंबर म्हणजे सरकारच्या ताब्यातली गोष्ट, दूरसंचार विभाग ते कंपन्यांना गठ्ठ्याने देतो, कंपनी आपल्याला वापरायला देते, आणि आपण वापरलाच नाही तर काढून घेते. सलग ९० दिवस फोन नाही, मेसेज नाही, नेट नाही, काहीच नाही झालं की प्रीपेड नंबर बंद करता येतो. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो कुणाला द्यायचा नाही, आणि त्यानंतर तो पुन्हा बाजारात येतो. हे चोरून होत नाही, नियमानेच होतं, आकडे मोजकेच आहेत आणि माणसं भरपूर. सुप्रीम कोर्टात २०२३ मध्ये ह्यावर एक याचिका आली होती तेव्हा कोर्टाने हेच सांगितलं की नंबर सोडताना आपला डेटा काढून घ्यायची काळजी वापरणाऱ्याने घ्यावी. आता जिवंत माणूस घेईल हो काळजी. गेलेल्या माणसाच्या नंबरची काळजी कोण घेणार, तर घरातल्यांनी घ्यायची, आणि घरातले तेव्हा दहावं-तेराव्याच्या गडबडीत असतात, वारसाचे कागद गोळा करत असतात, त्यात रिचार्ज कुणाच्या लक्षात राहणार.

आता सिमबद्दल, कारण इथेच माझा सगळ्यात मोठा गैरसमज होता. मला वाटायचं नंबर सिमकार्डात असतो. तसं नसतं. सिमच्या आत असतो तो कंपनीने दिलेला एक वेगळाच लांबलचक ओळख क्रमांक आणि एक गुप्त चावी, जी सिमच्या बाहेर कधीच येत नाही. तुमचा दहा आकडी नंबर असतो कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये, एका मोठ्या वहीत म्हणा, त्या वहीत ओळ लिहिलेली असते की अमुक नंबर म्हणजे अमुक सिम. कुणी तुम्हाला फोन लावला की नेटवर्क ती ओळ वाचतं आणि ते सिम ज्या टॉवरखाली असेल तिकडे फोन वळवतं. बस. त्यामुळे सिम हरवलं की आपण मोबाईल कंपनीच्या गॅलरीत जाऊन तोच नंबर परत मिळवू शकतो ना, ते ह्याच्यामुळे, त्या ओळीतलं जुन्या सिमचं नाव खोडून नव्या सिमचं लिहितात.

आणि हीच सोय चोराच्याही उपयोगाची आहे. त्याला तुमचं सिम हॅक वगैरे करायची गरजच नाही, त्याला फक्त त्या वहीतली ती एक ओळ बदलून हवी असते. खोटी कागदपत्रं घेऊन काउंटरवर जायचं, नाहीतर काउंटरवरचा माणूस फोडायचा, नाहीतर तुम्हालाच फोन करून "तुमचं सिम फाइव्ह-जी करून देतो, ई-सिम करून देतो, आलेला मेसेज पुढे पाठवा" असं सांगून तुमच्याच हाताने ते करून घ्यायचं. ह्याला सिम स्वॅप म्हणतात. ओळ बदलली की तुमच्या फोनमधलं सिम त्या क्षणी मरतं, नेटवर्क जातं, आणि तुमचे सगळे ओटीपी दुसरीकडे जायला लागतात. ह्याच्यावर दोन आडकाठ्या घातल्या आहेत, नवीन सिम चालू झालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. ते २४ तास खरं म्हणजे आपल्यासाठी आहेत. घरात बसल्या बसल्या अचानक "नो सर्व्हिस" दिसलं, फोन बंद-चालू करूनही येत नाही, आणि शेजारच्या माणसाच्या त्याच कंपनीच्या फोनला पूर्ण रेंज आहे, तर टॉवर गेला असेल म्हणून झोपून जाऊ नका. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला फोन करा.

बरं, हा ओटीपी एवढा महत्त्वाचा झाला कसा. आपल्याकडे नेटवर कार्ड वापरताना कार्डावरचे आकडे सोडून आणखी एक खात्री हवीच असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून केला. तेव्हा बऱ्याच देशांत नुसत्या कार्ड नंबरवर खरेदी व्हायची, आपल्याकडे नाही, आणि त्यामुळे आपल्याकडचे कित्येक लोक वाचलेत हे मान्यच करायला पाहिजे. सुरुवातीला पासवर्ड होते, लोक विसरायचे, मग मेसेजवर येणारा सहा आकडी कोड आला आणि तोच सगळ्यांना सोपा पडला. कल्पना अशी, की पासवर्ड ही तुम्हाला "माहीत असलेली" गोष्ट झाली, आणि सिम ही तुमच्या "जवळ असलेली" गोष्ट, दोन्ही एकदम चोरीला जायची शक्यता कमी. कल्पना चांगलीच आहे. पण हळूहळू बँकेने ओटीपी घेतला, आधारने घेतला, गॅसने घेतला, इन्कम टॅक्सने घेतला, डिजिलॉकरने घेतला, पार्सलवाल्याने घेतला, आणि पुढे तर पासवर्ड विसरलात तर तोही ओटीपीवरच बदलून मिळायला लागला. म्हणजे दोन कुलपं होती त्यातल्या एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाच्या पेटीत ठेवली. आता सिम हातात असणाऱ्याला दोन्ही उघडतात.

मेसेजचं तंत्रही जुनं आहे. एसएमएस ज्या सिग्नलच्या यंत्रणेवरून जातो ती टेलिफोन कंपन्यांनी एकमेकांवर पूर्ण भरवसा ठेवून बनवलेली होती, तेव्हा मोजक्याच कंपन्या होत्या आणि त्यावरून कुणाचे पैसे जाणार हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी ह्याच यंत्रणेतली फट वापरून लोकांचे बँकेचे कोड मध्येच वळवून घेतले आणि खाती रिकामी केली. आपल्याकडे एवढी खटपट करायची चोराला गरज पडत नाही कारण आपण कोड फोनवर सांगून टाकतो किंवा त्याने पाठवलेलं ॲप फोनमध्ये टाकतो, तो त्याच्याकडे येतोच. पण रिझर्व्ह बँकेनेही आता हे ओळखलंय, सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन निर्देश काढलेत, लागू १ एप्रिल २०२६ पासून, त्यात दुसऱ्या खात्रीसाठी एसएमएस सोडून बाकीचे मार्गही बँकांना मोकळे केलेत.

यूपीआयचं थोडं वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले, भाजीवाल्या मावशीपासून सगळेच त्यावर आहेत. तुम्ही फोनमध्ये पहिल्यांदा यूपीआय ॲप टाकता तेव्हा ते विचारतं कुठल्या सिमचा नंबर, आणि मग स्वतःच तुमच्या फोनमधून एक मेसेज पाठवतं. लोकांना वाटतं तो उगाच जातोय. त्या मेसेजवरूनच समोरच्या सर्व्हरला कळतं की हे सिम खरंच ह्याच फोनमध्ये बसलेलं आहे, आणि मग सिम, फोन आणि ॲप तिघांची गाठ मारली जाते. पैसे पाठवताना ही गाठ लागते आणि सहसा तुमचा पिनही लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शंभर वेळा सांगितलं तरी कमी आहे.

मग बाबांचा नंबर त्या मुलाकडे गेल्यावर तो काय करू शकला असता? त्याच्याकडे सिम आहे म्हणजे गाठीचा अर्धा भाग झाला. ॲप बँकेला विचारेल ह्या नंबरला खातं आहे का, बँक म्हणेल आहे. राहिला पिन. नवीन पिन ठेवायला एक रस्ता डेबिट कार्डाचा आहे, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरीची तारीख, ते कार्ड आईच्या पर्समध्ये होतं. पण दुसरा रस्ता आधारचा आहे, आधारचे काही आकडे टाकायचे आणि आधारवाला ओटीपी. आणि आधारला नंबर कुठला? तोच. आधारची झेरॉक्स आपण लॉजवर देतो, सिम घेताना देतो, शाळेत देतो, कुठे कुठे देतो त्याचा पत्ता नसतो. म्हणून म्हणते, एकच नंबर बँकेला आणि आधारला असणं ही सोय असते, पण तो नंबर सुटला की दोन्ही एकदम सुटतं.

ह्यावर एक चांगली गोष्ट झालीये. दूरसंचार विभाग बंद झालेल्या नंबरांची यादी देतो, आणि बँकांनी व यूपीआय ॲपवाल्यांनी ती यादी बघून आपल्याकडची नोंद दर आठवड्याला साफ करायची असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय ह्या संस्थेने १ एप्रिल २०२५ पासून सांगितलंय. पण गॅसवाला, वीजवाला, विमावाला, ईमेल, सोसायटीचं ॲप ह्यांच्या नोंदी कोण साफ करणार, त्या आपल्यालाच एकेक करून बदलाव्या लागतात. आणि बँकेचं म्हणाल तर आमच्या खात्याला जुना नंबर तसाच होता, मेसेज जात होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सिम, नंबर सगळं जागच्या जागी असूनही ओटीपी जातो तो प्रकार आता गावाकडे सगळ्यात जास्त दिसतो. माझ्या मावसभावाला लग्नसराईत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ओळखीच्याच माणसाकडून. फाईलचं नाव लग्नपत्रिका आणि शेवटी एपीके. त्याने दाबलं, काही उघडलं नाही, त्याने सोडून दिलं. एपीके म्हणजे फोटो नाही, पीडीएफ नाही, ते अँड्रॉइडचं आख्खं ॲप असतं. ते इन्स्टॉल होताना परवानग्या मागतं, मेसेज वाचू दे, नोटिफिकेशन बघू दे, आणि आपल्याला पत्रिका बघायची घाई असते म्हणून आपण अलाऊ, अलाऊ, अलाऊ करत जातो. त्यानंतर ते ॲप गुपचूप बसून राहतं, त्याचं चिन्हसुद्धा दिसत नाही, आणि आलेला प्रत्येक मेसेज दुसरीकडे पाठवत राहतं. ओटीपी आला की चोराला तुमच्याबरोबरच कळतो, तुम्ही कुणाला काही सांगितलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी मावसभावाच्याच व्हॉट्सॲपवरून आमच्या सगळ्या भावकीला तीच पत्रिका गेली, कारण व्हॉट्सॲपचा कोडसुद्धा मेसेजवरच येतो. ओळखीच्या माणसाकडून येते म्हणूनच ती उघडली जाते. लग्नसराई संपली की हेच आरटीओच्या चलानच्या नावाने येतं, पीएम किसानच्या नावाने येतं, बँकेच्या केवायसीच्या नावाने येतं. त्याचे ४२ हजार गेले, सोयाबीनचे होते.

तो दोन दिवस कुणाला बोलला नाही, लाजेने. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण ह्यात लाजण्यासारखं काही नाही आणि ते दोन दिवसच सगळ्यात महाग पडतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून पळवत नेतात आणि शेवटी एटीएममधून काढतात, मधल्या कुठल्यातरी खात्यात ते असतानाच थांबवता आले तर मिळायची आशा असते. त्यासाठी १९३० हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, त्यावर सांगितलं की तक्रार थेट बँकांपर्यंत जाते आणि रक्कम जिथे असेल तिथे रोखायचा प्रयत्न होतो. आणि रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे ते प्रत्येकाला माहीत पाहिजे, तुमची चूक नसताना, बँकेचीही नसताना, मध्येच तिसऱ्याने पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली तर तुमचं नुकसान शून्य धरायचं, चार ते सात कामकाजाच्या दिवसांत केली तर ठराविक मर्यादेपर्यंतच तुमच्यावर. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतरचं तुमचं नाही. म्हणून बँकेला लेखी कळवायचं, तक्रारीचा नंबर घ्यायचा, वेळ लिहून ठेवायची.

कॉल फॉरवर्डिंगचं थोडक्यात सांगते. कुणीतरी कुरिअरवाला बनून सांगतो की स्टार चारशे एक स्टार आणि अमुक नंबर असं डायल करा. तसं केलं की तुमचे येणारे फोन त्याच्याकडे वळतात, आणि काही ठिकाणचे कोड फोन करून पण सांगितले जातात, तेही. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा डायल करून होणाऱ्या फॉरवर्डिंगवर बंदी आणली, तरी स्टार-हॅश-२१-हॅश डायल करून एकदा बघून घ्या आपले फोन कुठे वळलेत का.

आता जरा वेगळ्या बाजूने. आत्तापर्यंत पैशाचं बोलले, पण मला त्याच्याइतकंच खासगीपणाचं वाटतं. कपड्याच्या दुकानात बिल करताना नंबर विचारतात. औषधाच्या दुकानात विचारतात. हॉटेलात वेटिंगला विचारतात. पोरांच्या क्लासच्या फॉर्मवर, मंगल कार्यालयाच्या वहीत, पार्किंगमध्ये. प्रत्येकाकडे तुमची एकेक गोष्टच असते, औषधवाल्याला तुमची शुगरची गोळी माहिती, क्लासवाल्याला मुलगा कितवीत आहे ते, दुकानदाराला तुमची खरेदी. एकेकटी ती गोष्ट म्हणजे सुटा मणी. पण सगळ्या मण्यांना भोक एकच आहे, तुमचा नंबर, आणि ज्याच्या हातात दोन-चार ठिकाणच्या याद्या पडल्या त्याने दोरा ओवला की माळ तयार. म्हणून मग फोन येतो आणि समोरचा माणूस तुमचं नाव, गाव, मुलाचं नाव सांगतो आणि आपल्याला वाटतं एवढं माहितीये म्हणजे खरंच पोलीस असेल. डिजिटल अरेस्टवाले सुशिक्षित माणसांना दोन-दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात ते ह्याच माहितीच्या जोरावर. कायद्यात असली अरेस्ट नाहीच, कुठलाच पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही.

दुकानात नंबर दिलाच पाहिजे असं काही नाही, केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्येच सांगितलंय की नंबरासाठी अडवून बिल नाकारणं चुकीचं आहे. मी आता "नाही देत" म्हणते. पहिल्यांदा संकोच वाटला, आता नाही वाटत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं, २०१८ च्या आधारच्या निकालात मोबाईलला आधार जोडायची सक्तीही काढली. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, हलगर्जी केली तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत ठेवलीये. तोपर्यंत नंबर कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे आपणच ठरवायचं.

मेसेज खरा का खोटा ह्याची एक साधी खूण अलीकडे आलीये. बँकेचा मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाही, नावावरून येतो, आणि मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं, इंग्रजी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. माझ्या आईला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, तिला हे पाच मिनिटांत समजलं.

आम्ही काय काय केलं ते सांगते, क्रम महत्त्वाचा आहे. आधी आईच्या नावाने नवीन सिम, तिच्याच नावाने, माझ्या नाही. मग आधार केंद्रात जाऊन तिच्या आधारला तो नंबर, तिथे बोटांचे ठसे द्यावे लागले, आईच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, चार वेळा करावं लागलं. आधार बदलल्यावर मग बँक, बाबांचा मृत्यूचा दाखला देऊन खातं तिच्या एकटीच्या नावावर आणि नंबर नवा. उलट क्रमाने गेलो असतो तर बँक केवायसीला आधारचा ओटीपी मागणार आणि तो चाकणला जाणार, असं झालं असतं. मग आधारचे ठसे ॲपमधून लॉक करून टाकले, कारण ठशावर पैसे देणारी जी मशिनं गावात असतात त्यात नकली ठशांनी पैसे काढल्याचे प्रकार झालेत, लागतील तेव्हा उघडायचे. मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर बघितलं की आईच्या नावावर किती सिम आहेत, एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत असू शकतात, तर दोन निघाली. एक तिचं, एक कुणाचं कळेना, नंतर आठवलं की चुलत्याने बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या कागदांवर घेतलेलं. ते बंद करायला सांगितलं. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन ठेवला, म्हणजे उद्या कुणी कोड मिळवला तरी पिनशिवाय आत जाता येत नाही. आणि सिमला सुद्धा पिन ठेवला, हे फार कमी लोक करतात. फोन चोरीला गेला की आपल्याला वाटतं स्क्रीन लॉक आहे, काय होतंय, पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि सगळे ओटीपी तिकडे यायला लागतात. सिम पिन असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही. फक्त तीन वेळा चुकला तर कंपनीकडून दुसरा कोड घ्यावा लागतो, म्हणून आईने तो पिन देवघरातल्या पोथीत लिहून ठेवलाय, मी म्हणलं चालेल.

माझा भाऊ मस्कतला असतो, त्याचंही ह्या निमित्ताने निघालं. त्याचा इथला नंबर तो फक्त ओटीपीसाठी जिवंत ठेवतो, रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये लावून. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी हे मनावर घ्याच, एकदा चुकली तारीख की इथे येऊनच निस्तरावं लागतं. २०२३ पासून ओमान, अमेरिका, इंग्लंड, दुबईकडचे वगैरे काही देशांतले नंबर एनआरआय खात्याला जोडून यूपीआय वापरायची सोय झालीये, त्याने ते करून घेतलं.

तो चाकणचा मुलगा अजून संपर्कात आहे. त्याने स्वतःहून ते बँकेचे जुने मेसेज काढून टाकले आणि मला दाखवले. आता फक्त वीजबिलाची नोंद बदलायची राहिलीये, ऑफिसात दोनदा जाऊन आलो, अर्ज दिलाय, पण बिलाचा मेसेज अजून त्याच्याकडेच जातो. ह्या महिन्याचा त्याने कालच आईला पाठवला, ९४० रुपये, आणि खाली लिहिलं, काकू शेवटची तारीख सोमवार. आईने बाबांच्या त्या नंबरचं नाव फोनमध्ये अजून बदललेलं नाही.